छातीत पाणी झाले तेव्हा

उजव्या कुशीतली कळ आपोआप थांबली, तेव्हा घरात सगळ्यांनाच हायसे वाटले. त्याआधी कितीतरी दिवस मला खोल श्वास घेता येत नव्हता. खोकला किंवा शिंक आली की बरगड्यांखाली अशी कळ निघे की हातातले काम सोडून भिंतीला टेकावे लागे. मग दुखणे हळूहळू कमी झाले आणि त्याच सुमारास जिना चढताना धाप लागू लागली. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे आमच्यापैकी कोणाच्या मनातही आले नाही.

संबंध होता, आणि तो अगदी थेट होता. फुप्फुसाभोवती प्लुरा नावाचे पातळ दुपदरी आवरण असते. त्याचा आतला पदर फुप्फुसाला चिकटलेला असतो, बाहेरचा बरगड्यांच्या आतल्या बाजूला, आणि निरोगी माणसात या दोन पदरांमध्ये जेमतेम काही चमचे द्रव असतो, तोही केवळ श्वासागणिक ते एकमेकांवरून सहज सरकावेत म्हणून. वेदना जाणणाऱ्या नसा फक्त बाहेरच्या पदराला असतात. आवरणाला सूज आली की पदर एकमेकांवर घासतात आणि दुखते. पण मध्ये पाणी साचू लागले की ते एकमेकांपासून दूर होतात, घासणे थांबते, दुखणेही थांबते आणि फुप्फुसाला फुलायला जागा मात्र उरत नाही. माझे दुखणे थांबले ते आजार, म्हणजे पुढे निदान झालेला टीबी, वाढल्यामुळे.

छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहण्याआधीच पाठीवर बोटाने ठोकून निदानाची दिशा ठरवली होती. डावीकडे पोकळ आवाज येत होता आणि उजवीकडे खांद्याच्या फऱ्याखाली बोट आले की तो एकदम बद्द होत होता. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा दिसला. सोनोग्राफीने पाणी नेमके कुठे आणि किती खोल आहे ते पाहून पाठीवर पेनाने खूण केली गेली, आणि त्याच दुपारी पाणी काढायचे ठरले.

मला स्टुलावर बसवून समोरच्या टेबलावरच्या उशीवर हात टेकून पुढे वाकायला सांगितले. भूल देण्याची सुई टोचली तेवढेच काय ते दुखले. डॉक्टर शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते की सुई नेहमी बरगडीच्या वरच्या कडेला लागून आत घालायची, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने रक्तवाहिन्या आणि नस जात असते. बाटलीत उतरणारे पाणी गवती रंगाचे, किंचित गढूळ होते. साधारण 800 मिलिलिटर निघाल्यावर मला कोरड्या खोकल्याची ढास लागली, तसे त्यांनी थांबायचे ठरवले. दबलेले फुप्फुस पुन्हा फुलू लागले की असा खोकला येतो, आणि घाई करून सगळे पाणी एकदम ओढणे धोक्याचे असते. सुई निघाल्यावर मी घेतलेला पहिला पूर्ण श्वास मला अजून आठवतो. पाण्याच्या भाराने डायफ्राम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली दाबला गेला होता. तो पुन्हा आपल्या आकारात आल्याने एवढे मोकळे वाटले, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितले.

बाटलीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "यात टीबीचे जंतू शोधायला गेलो तर बहुधा सापडणार नाहीत. जंतू फार थोडे असतात. हे पाणी बहुतांशी तुमच्या शरीरानेच केलंय."

त्या एका वाक्याने पुढच्या सहा महिन्यांत माझा आजाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटला. कोविडच्या साथीपासून प्रतिकारशक्ती ही जणू टाकीतल्या पाण्याप्रमाणे मोजता आणि वाढवता येणारी गोष्ट आहे, असे आपण सगळेच बोलू लागलो आहोत. मला जे भोगावे लागले ते प्रतिकार कमी पडल्यामुळे कमी आणि प्रतिकार जोरात झाल्यामुळे अधिक होते. फुप्फुस, रक्त, यकृत, मेंदू, अस्थिमज्जा आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी हे सगळे त्या काळात एकमेकांना निरोप देत होते. त्यांतला एखादा निरोप फार मोठा झाला की त्याचाही त्रास होतो आणि पोहोचला नाही तरीही होतो. आजाराशी झगडताना शरीराला जोराइतकाच ताळमेळही लागतो, हे मला माझ्याच रिपोर्टांच्या कागदांवरून वाचता आले.

पाण्याच्या तपासणीत पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक सगळ्या लिम्फोसाइट निघाल्या, प्रथिनांचे प्रमाण जास्त होते आणि एडीए हे विकर 70च्या पुढे होते. टीबीच्या पाण्यात ते साधारणपणे 40च्या वर जाते. जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीत जंतू सापडला नाही, डॉक्टरांनी सांगितले होते तसेच. यातली गंमत अशी, की एडीए हे जंतूचे द्रव्य नाही. ते मुख्यतः आपल्याच कामाला लागलेल्या पांढऱ्या पेशींतून येते. म्हणजे माझे निदान मुख्यतः माझ्या शरीराच्या प्रतिसादावरूनच झाले. हातावर टोचलेल्या मॅन्टू टेस्टचेही तसेच आहे. तिथे जिवंत जंतू टोचत नाहीत, त्याच्या प्रथिनांचा अंश टोचतात. आणि 48 ते 72 तासांनी जो कडक फुगवटा येतो तो रक्तातून तिथवर धावत आलेल्या पेशींचा असतो. म्हणूनच तपासनीस लाली मोजत नाही, बोटाने चाचपून फुगवट्याच्या कडा शोधतो आणि तेवढाच मोजतो.

जंतू माझ्या शरीरात केव्हा शिरला असेल हे कोणालाच सांगता येणार नाही. कदाचित कित्येक वर्षांपूर्वी, एखाद्या एसटीत किंवा लग्नाच्या मांडवात. श्वासाबरोबर तो फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशात पोहोचतो आणि तिथे गस्तीवर असलेल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. इतर बहुतेक जंतू तिथेच पचतात. टीबीचा जंतू मात्र गिळला गेल्यावरही आत जगतो आणि अतिशय सावकाश, साधारण 15 ते 20 तासांतून एकदा दुभंगतो. त्याची वर्दी घेऊन काही पेशी लसिकावाहिन्यांतून छातीतल्या लसिका ग्रंथींपर्यंत जातात, तिथे नेमका हा जंतू ओळखणाऱ्या मोजक्या टी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) शोधल्या जातात, त्यांची संख्या वाढते आणि त्या रक्तावाटे परत फुप्फुसात येतात. या सगळ्याला काही आठवडे लागतात. परत आलेल्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे निरोपाचे द्रव्य सोडतात आणि ते मिळाले की तीच मॅक्रोफेज पेशी, जिला इतके दिवस आतला जंतू मारता येत नव्हता, ती मारू लागते. जे जंतू उरतात त्यांच्याभोवती पेशींचे कडे तयार होते, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. लागण झालेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. त्यांना आयुष्यभरात आजार होत नाही.

हे कडे टिकवून धरण्यात टीएनएफ नावाच्या द्रव्याचा मोठा वाटा असतो. संधिवाताच्या काही रुग्णांना टीएनएफ अडवणारी औषधे देतात, आणि ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात ती याचमुळे. टीएनएफ अडला की जुने कडे सैल होऊन आत निपचित पडलेला जंतू पुन्हा डोके वर काढू शकतो. पण हेच द्रव्य जास्त झाले तर भूक मारते आणि माणसाला वाळवते. माझ्या बाबतीत फुप्फुसाच्या कडेला, आवरणाच्या अगदी लगत असलेले एखादे कडे फुटले असावे आणि जंतूंचे थोडेसे द्रव्य प्लुराच्या पोकळीत सांडले असावे. टी पेशींनी ते ओळखले, रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, आणि एरवी हे पाणी शोषून घेणारी बाहेरच्या पदरातली लसिकावाहिन्यांची बारीक तोंडे सुजेने बुजली. येणारे पाणी वाढले, जाणारे अडले.

संध्याकाळचा ताप हा त्या दिवसांतला माझा सर्वांत जवळचा अनुभव. सहा वाजले की पाठीवरून शिरशिरी येई, हातपाय गार पडत, आणि मेच्या उन्हाळ्यात सांगलीसारख्या गावात मी चादर ओढून बसे. फुप्फुसाजवळच्या पेशींनी सोडलेली द्रव्ये रक्तावाटे पोहोचली की मेंदूतले हायपोथॅलॅमस शरीराच्या तापमानाची पातळी वर नेते, आणि मग त्या नव्या पातळीला पोहोचण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, स्नायू थरथरतात. अंग तापलेले असतानाही थंडी वाजते ती म्हणूनच. पहाटे पातळी खाली आली की साचलेली उष्णता बाहेर टाकायला घाम सुटतो. उशीचा अभ्रा रोज बदलावा लागे. शरीराचे तापमान मुळातच संध्याकाळी थोडे चढे असते, आणि सूज आवरून धरणारे कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक सकाळी सर्वांत जास्त आणि रात्री सर्वांत कमी असते, हे लक्षात घेतले की ताप संध्याकाळचीच वेळ का धरतो हे समजते. हा सारा खर्चाचा मामला आहे. ताप एक अंश सेल्सियसने वाढला की शरीराचा उष्मांकांचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. इकडे भूक मेलेली असते, मग दंड-मांड्यांच्या स्नायूंतली प्रथिने मोडून ती यकृताकडे आणि पांढऱ्या पेशींकडे वळवली जातात. माझ्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन 9.6 आले. सासूबाईंनी ते ऐकल्याबरोबर बीट, खजूर आणि गूळ आणवला.

"अगं, अंगात रक्तच नाही तर रोगाशी भांडणार कशानं?" त्या म्हणाल्या.

"आई, खाण्याचं सगळं खाते मी, पण लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घेऊ," मी म्हटले.

डॉक्टरांनी गोळ्या आत्ता नकोत म्हणून सांगितले. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन माझ्या रक्तात भरपूर होते. लोह होते, पण बंद करून ठेवलेले होते. सूज आली की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त बनवते, त्यामुळे आतड्यांतून लोह कमी शोषले जाते आणि मॅक्रोफेज आपल्याकडचे लोह सोडत नाहीत. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागते, तेव्हा ते त्यांच्या हाती लागू नये अशी ही फार जुनी व्यवस्था आहे, आणि तिची किंमत अस्थिमज्जेला लाल पेशी कमी बनवून मोजावी लागते. टीबीचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटातच राहत असल्याने त्याच्यापुढे ही युक्ती तितकीशी चालत नाही, हा भाग वेगळा. त्याच रिपोर्टात प्लेटलेट वाढलेल्या होत्या आणि शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर 90च्या घरात होता. त्यामागेही यकृतालाच मिळालेले निरोप होते. एरवी डाव्या-उजव्या रकान्यांत सुटे सुटे दिसणारे ते आकडे मी त्या दिवशी प्रथमच एकत्र वाचले, आणि प्रत्येक आकड्यामागे एक अवयव दुसऱ्यासाठी काहीतरी करताना दिसला.

औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळाली. 2012पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे; टीबीच्या रुग्णांच्या निक्षय या सरकारी पोर्टलवर माझी नोंद झाली आणि आशाताई घरी येऊन सगळे समजावून गेल्या. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे एकत्र असलेल्या गोळ्या वजनाच्या प्रमाणात रोज घ्यायच्या. मग चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन औषधांच्या. सोबत ब जीवनसत्त्वाची एक छोटी गोळी, कारण आयसोनियाझिडमुळे पायांना मुंग्या येऊ शकतात. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली. ती रिफॅम्पिसिनमुळे होते, हे आशाताईंनी आधी सांगून ठेवल्यामुळे घाबरायला झाले नाही.

मला आश्चर्य याचे वाटते, की याच काळात यकृतावर दुहेरी काम पडते. सुजेच्या काळातली सगळी प्रथिने तेच बनवते आणि औषधेही बहुतांशी तेच पचवते. आयसोनियाझिड पचवण्याचा वेग माणसागणिक जन्मतःच कमी-जास्त असतो. कावीळ, मळमळ, गडद लघवी यांवर लक्ष ठेवायला सांगून डॉक्टर अधूनमधून यकृताची तपासणी करून घेत. दुसऱ्या महिन्यात माझे घोटे आणि गुडघे दुखू लागले. पायराझिनामाइडमुळे मूत्रपिंडांतून यूरिक ॲसिड बाहेर पडणे कमी होते, त्याचा हा परिणाम होता, आणि ते औषध थांबल्यावर सांधे आपोआप मोकळे झाले.

सर्वांत कठीण काळ आला तो सगळे सुरळीत चालले असताना. ताप गेला होता, भूक परतली होती, वजन चढत होते, आणि अशात मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. औषध लागू पडत नाही, जंतू औषधांना दाद देत नाही, या विचाराने घरातल्या कोणालाही झोप लागली नाही. गाठीत सुई घालून तपासणी झाली, औषधाला दाद न देणारा जंतू नाही ना हेही पाहिले गेले. मग डॉक्टरांनी सांगितले की उपचार नीट चालू असतानाही काही रुग्णांत असे होते. जंतू मरतात, त्यांचे अवशेष ग्रंथींत उरतात, आणि अशक्तपणात मंदावलेला प्रतिकार अंगात बळ आल्यावर जोमाने परततो आणि त्या अवशेषांवर तुटून पडतो. गोळ्या बदलायच्या नाहीत आणि थांबवायच्या तर मुळीच नाहीत. फार त्रास झाला तर स्टेरॉइड देऊन तो जोर थोडा आवरता येतो. मला त्याची गरज पडली नाही. गाठ काही आठवड्यांत बसली. त्या दिवसांत प्रतिकारशक्ती वाढवण्याचे म्हणून कोणी कोणी आणून दिलेले काढे मी बाजूला ठेवले. जोर वाढला म्हणूनच जिथे गाठ आली होती, तिथे तो आणखी वाढवून मला काय मिळणार होते?

आहाराबद्दल मात्र मी तसे म्हणणार नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीबीच्या रुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा पुरेसे धान्य आणि डाळ दिल्यावर त्यांच्यात नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी कमी झाले. टी पेशींची फौज उभी करायला प्रथिने लागतात, आणि ती ताटात नसली तर स्नायूंतून घ्यावी लागतात, इतकी ही साधी बाब आहे. आपल्या देशात टीबीच्या प्रश्नाचा केवढा मोठा भाग भुकेचा प्रश्न आहे, याचे मला त्या काळात वारंवार वाईट वाटे. माझ्या घरी अंडी, डाळ, दूध मिळत होते, आणि केंद्रावर माझ्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांना ते रोज मिळत नव्हते. निक्षय पोषण योजनेची मासिक मदत नोव्हेंबर 2024पासून 500वरून 1000 रुपये झाली, ते आवश्यकच होते. दुसऱ्या बाजूने, नुसत्या आहाराने आणि विश्रांतीने काम भागत नाही हेही तितकेच खरे. मद्रासच्या टीबी केंद्राने 1950च्या दशकात केलेल्या अभ्यासात आरोग्यधामात औषधांसोबत विश्रांती आणि उत्तम आहार मिळालेले रुग्ण आणि गरिबीत घरीच राहून तीच औषधे नियमित घेणारे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले होते. आमच्या सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत टीबीचे जुने आरोग्यधाम होते. तिथे महिनोन्‌महिने राहणाऱ्यांच्या गोष्टी सासूबाई सांगत, तेव्हा मला घरी राहून बरे होता येते आहे यामागे त्या अभ्यासाचा केवढा वाटा आहे हे जाणवे.

छातीतले असे पाणी उपचार न करताही पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप जिरते, हे कळले तेव्हा मी चकित झाले. शरीर तेवढे करू शकते. पण अशा बऱ्याच जणांना पुढच्या काही वर्षांत फुप्फुसाचा टीबी होतो, कारण पाणी जिरले तरी निपचित पडलेले जंतू उरतात. सहा महिने गोळ्या घ्यायच्या त्या या सावकाश वाढणाऱ्या, बराच काळ झोपून राहणाऱ्या जंतूंसाठी. ताप तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच गेला होता.

शेवटच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाचा खालचा कोपरा डाव्यासारखा टोकदार नाही, किंचित बोथट आहे. आवरण तिथे थोडे जाड झाले आहे आणि ते तसेच राहील, असे डॉक्टर म्हणाले. श्वास आत ओढून गोळे वर उचलण्याच्या यंत्रावर मी अजूनही सकाळी व्यायाम करते, त्याने बरगड्यांची हालचाल दोन्ही बाजूंना सारखी होऊ लागली आहे. हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही, असे नाही. आता माझ्या रक्तात हा जंतू ओळखणाऱ्या टी पेशी आहेत, पण त्या होत्या तेव्हाही मी आजारी पडलेच होते. म्हणून उपचार संपल्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी वजन, खोकला आणि ताप यांची विचारपूस करण्यासाठी केंद्रात जायचे आहे, आणि आशाताईंनी त्या चारही तारखा माझ्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून दिल्या आहेत.